उष्णतेच्या पळवाटा



उन्हापासून वीज म्हटलं की आज प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर छपरावरचं पॅनेल येतं. प्रकाश पडला की त्यातून थेट वीज मिळते. मी बोलणार आहे ते दुसऱ्या वाटेबद्दल. उन्हाने आधी एखादी वस्तू तापवायची आणि त्या उष्णतेतून वीज काढायची. ही वाट जुनी आहे, अवघड आहे आणि बाजारात सध्या मागे पडलेली आहे. तरीही ती सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून आजचा विषय मी मागून घेतला.

ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते आम्हाला ऊष्मागतिकी शिकवत. फळ्यावर कोणतंही यंत्र काढलं की ते विचारत, "आत किती आलं ते कळलं, पण बाहेर कुठून कुठून गेलं?" सौर-औष्णिक विजेची सगळी अडचण त्यांच्या या प्रश्नात आहे. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, पण त्यातून मिळालेली उष्णता टिकत नाही. ती निसटते कुठून, हे आपल्याला बऱ्याच काळापासून माहीत होतं. ती अडवायची कशी, याचं उत्तर मात्र गेल्या काही दशकांत नॅनोमीटरच्या मापात सापडत गेलं. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.

आधी एक हिशेब मांडतो. निरभ्र दुपारी सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. तिथे काळी पत्र्याची पट्टी ठेवा, तिची मागची बाजू नीट झाका आणि वाऱ्याने उष्णता जाऊ नये म्हणून तिच्याभोवती निर्वात पोकळी करा. ती किती तापेल? कितीही तापेल असं आपल्याला वाटतं, पण तसं होत नाही. तापलेली प्रत्येक वस्तू स्वतः प्रारण फेकते आणि ते केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. २०० अंश सेल्सिअसला काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे २८०० वॅट बाहेर फेकतो. आत येतात १०००. म्हणजे त्या पट्टीला २०० अंश कधीच गाठता येणार नाहीत. ३० अंशांच्या भोवतालाकडून तिला परत मिळणारी उष्णता धरली, तरी गाडी १३० अंशांच्या आसपास थांबते. हेही तिच्यातून काहीच काढून न घेता. वीज करायला उष्णता खेचू लागलात की तापमान आणखी उतरतं.

आणि तापमान उतरलं की विजेचा हिस्साही उतरतो. १८२४ मध्ये सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने दाखवून दिलं, की कोणत्याही ऊष्मायंत्राच्या कार्यक्षमतेची कमाल मर्यादा गरम आणि गार टोकांच्या तापमानांवर ठरते. १३० आणि ३० अंशांमध्ये ती २५ टक्के, २०० आणि ३० मध्ये ३६. प्रत्यक्षातली यंत्रं या मर्यादेच्या बरीच खाली राहतात, म्हणून वरचे अंश फार मोलाचे असतात.

पहिली पळवाट या प्रारणाची. तिच्यावर उपाय निघू शकतो, कारण निसर्गाने एक सोय ठेवली आहे. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, त्यामुळे त्याची बहुतेक ऊर्जा अडीच मायक्रॉनपेक्षा, म्हणजे अडीच हजार नॅनोमीटरपेक्षा, आखूड लहरींत येते. आपली पट्टी २०० अंशांची, तिचं प्रारण सहा मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त असतं. दोन्ही पट्टे जवळजवळ वेगळे आहेत. पहिल्या पट्ट्यात काळाकुट्ट आणि दुसऱ्यात आरशासारखा चकचकीत असा पृष्ठभाग तयार करता आला, तर ऊन आत येईल आणि उष्णता बाहेर पडणार नाही. कारण किर्खहॉफच्या नियमाप्रमाणे जो पृष्ठभाग एखादी लहर शोषत नाही, तो ती उत्सर्जितही करत नाही. इस्रायलमध्ये हॅरी टाबोर यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यात असे निवडक शोषक लेप तयार केले आणि ते सोलर वॉटर हीटरसाठी वापरात आणले. उत्सर्जन काळ्या पृष्ठभागाच्या पाच टक्क्यांवर आणलं, तर मघाचे २८०० वॅट १४० वर येतात. सगळा हिशेबच पालटतो.

हा लेप तुमच्यापैकी अनेकांच्या गच्चीवर आहे. (इथे वक्त्यांनी सोलर हीटरची एक काचेची नळी श्रोत्यांना दाखवली.) ही दुहेरी काच आहे. दोन काचांमध्ये निर्वात पोकळी आणि आतल्या नळीच्या बाहेरच्या अंगावर हा निळसर झाक असलेला काळा थर. अशा नळ्यांवर सर्रास वापरला जाणारा लेप अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा असतो. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे अवघे काही नॅनोमीटरचे कण विखुरलेले असतात, वरच्या थरात कमी, खाली जास्त, आणि सर्वांत खाली चकचकीत धातू. सगळी जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. सूर्याच्या आखूड लहरी या कणांमध्ये अडकून शोषल्या जातात. लांब अवरक्त लहरींना तो थर इतका पातळ वाटतो, की त्यांना दिसतो तो फक्त खालचा धातू, म्हणजे आरसा. भर दुपारी नळीच्या आत पाणी उकळायच्या बेतात असताना बाहेरच्या काचेवर हात ठेवून पाहा, चटका बसत नाही. नळीच्या बंद टोकाकडे हा चंदेरी पट्टा पाहा. तो बेरियमचा आहे, उरलासुरला वायू शोषून निर्वात जपतो. आत हवा शिरली की हाच पट्टा दुधासारखा पांढरा पडतो आणि नळी बाद झाली हे लांबूनही कळतं.

वीजकेंद्रात याच तत्त्वाचा मोठा अवतार असतो. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातल्या नोखजवळ ५० मेगावॉटचं केंद्र २०१३ मध्ये सुरू झालं. तिथे पन्हाळीच्या आकाराचे लांबलचक आरसे ऊन एका पोलादी नळीवर एकवटतात. नळीतलं तेल ४०० अंशांच्या जवळ तापतं, त्यावर वाफ तयार होते आणि पुढे नेहमीचं टर्बाइन. ४०० अंशांना काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला साडेअकरा हजार वॅट फेकतो, त्यामुळे लेप इथे जीव की प्राण. धातू आणि सिरॅमिक यांच्या मिश्रणाचा, ज्याला सर्मेट म्हणतात, तो थर आणि त्यावर काचेचं निर्वात वेष्टण अशी ही नळी असते. तिचा शत्रू मात्र आतूनच येतो. तापलेलं तेल हळूहळू विघटित होतं, त्यातला हायड्रोजन पोलादातून झिरपून निर्वातात शिरतो आणि उष्णता काचेपर्यंत वाहून नेऊ लागतो. अशा केंद्रांत माणसं अवरक्त कॅमेरे घेऊन कोणत्या नळीची काच तापली आहे ते शोधत फिरतात. एखाद्या तंत्राचं भवितव्य अशा गोष्टींवर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या देशात २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा पहिल्या टप्प्यात या पद्धतीचे ४७० मेगावॉटचे सात प्रकल्प मंजूर झाले. त्यांतले मोजकेच उभे राहिले. पॅनेलच्या किमती कोसळल्या, आणि उपग्रहावरून अंदाजलेलं थेट ऊन जमिनीवर मोजलं तेव्हा धूळ आणि धुरक्यामुळे कमी भरलं. आरसे फक्त थेट ऊन एकवटू शकतात, विखुरलेला प्रकाश त्यांच्या उपयोगाचा नाही. दुसरीकडे स्पेनमध्ये सेव्हिलजवळचं हेमासोलार केंद्र २०११ पासून वितळलेलं मीठ साठवतं. सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचं हे मिश्रण आरशांनी ऊन ज्यावर एकवटलं आहे त्या मनोऱ्यावर ५६५ अंशांपर्यंत तापवून टाकीत भरून ठेवायचं. सूर्य मावळल्यावर १५ तास टर्बाइन चालू शकेल इतका साठा त्यात मावतो. दिवसा वीज हवी असेल तर पॅनेल स्वस्त आहे, यात वाद नाही. खरी गरज संध्याकाळी सातला सुरू होते, आणि तिथे उष्णतेच्या साठ्याला अजून स्थान आहे.

आता टर्बाइन बाजूला ठेवू. उष्णतेतून हलत्या भागांशिवाय वीज काढता येते का? १८२१ मध्ये बर्लिनमध्ये थोमास झेबेक यांना आढळलं, की दोन वेगळ्या धातूंचं कडं करून एक सांधा तापवला की जवळची चुंबकसूची हलते. त्यांना तो चुंबकत्वाचा परिणाम वाटला, पण कड्यातून प्रत्यक्षात वीज वाहत होती. (वक्त्यांनी पांढऱ्या सिरॅमिकचा, लाल आणि काळी तार असलेला चौकोनी तुकडा दाखवला.) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हा पेल्टिए मोड्यूल म्हणून मिळतो. चार सेंटिमीटरची बाजू, दोन पातळ सिरॅमिक पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये कडेने पाहिलं तर दिसणारे करड्या रंगाचे ठोकळे. ठोकळ्यांच्या १२७ जोड्या आहेत, एकापुढे एक जोडलेल्या. ते बिस्मथ टेल्युराइडचे आहेत. विजेने हा तुकडा गार करतो म्हणून गाडीतल्या छोट्या फ्रीजमध्ये तो असतो. उलट वापरला तर तापमानाच्या फरकातून वीज देतो. मी खालून बर्फ लावतो आणि वर तळहात ठेवतो, पाहा मल्टिमीटरवर काही शे मिलिव्होल्ट. बर्फ काढला की आकडा घसरू लागतो, कारण उष्णता ठोकळ्यांतून पलीकडे जाऊन दोन्ही बाजू सारख्या होऊ लागतात.

हीच दुसरी पळवाट, आणि ती पदार्थाच्या आत आहे. चांगल्या उष्णविद्युत पदार्थातून वीज सहज वाहायला हवी आणि उष्णता वाहता कामा नये. धातूंत दोन्ही सहज वाहतात, काचेत दोन्ही अडतात. या गुणांचा एकत्रित निर्देशांक झेडटी. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये ज्युलियन गोल्डस्मिड आणि सहकाऱ्यांनी बिस्मथ टेल्युराइडचा गुण दाखवला, आणि तेव्हापासून शतक संपेपर्यंत उत्तम पदार्थांचा झेडटी एकच्या आसपास घुटमळत राहिला. कार्नोच्या मर्यादेत ३८ टक्के मिळण्याजोगे असतील, तर झेडटी एक असताना हाती लागतात साधारण आठ.

त्याच १९५४ मध्ये मारिया तेल्केश यांचा सौर उष्णविद्युत जनित्रांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या या विदुषीने सौरऊर्जेच्या किती दालनांत हात घातला होता! समुद्रात अडकलेल्या खलाशांसाठी उन्हावर चालणारं पाणी शुद्ध करण्याचं साधन, उन्हाच्या उष्णतेवर थंडी काढणारं घर, आणि हे जनित्र. त्यांच्या सपाट जनित्राची कार्यक्षमता ०.६३ टक्के आली, आणि भिंगाने ऊन पन्नासपट एकवटल्यावर ३.३५ टक्के. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेने सहा टक्क्यांचा सिलिकॉन सौरघट जाहीर केला, आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. तेल्केश यांच्या आकड्याला सपाट प्रकारात अर्धशतकाहून अधिक काळ कोणी मागे टाकू शकलं नाही.

कोंडी फुटायला सुरुवात झाली ती १९९३ मध्ये. लिंडन हिक्स आणि मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांनी मांडलं, की पदार्थाला काही नॅनोमीटरच्या थरांत किंवा तारांत बांधलं तर झेडटी वाढू शकेल. त्यातला व्यवहारात सर्वाधिक उपयोगी पडलेला भाग समजायला सोपा आहे. घन पदार्थात उष्णता बरीचशी अणूंच्या कंपनांनी वाहते. या कंपनांना फोनॉन म्हणतात. अनेक फोनॉन न अडखळता दहा, शंभर, कधी हजार नॅनोमीटर जातात. इलेक्ट्रॉन त्याहून खूपच लवकर अडखळतात. आता पदार्थ काही डझन नॅनोमीटरच्या कणांनी बनवा. घरात दर वीस पावलांवर उंबरठा घातला, तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत सुटलेला माणूस प्रत्येक उंबरठ्याला ठेचकाळेल. जो आधीच दर दोन पावलांना थांबत चालला आहे, त्याला फारसा फरक पडणार नाही. फोनॉन पहिल्यासारखे, इलेक्ट्रॉन दुसऱ्यासारखे. उष्णता अडते, वीज जवळजवळ तशीच वाहते.

हे करून दाखवलं ते फार साध्या पद्धतीने, आणि म्हणूनच मला ते काम आवडतं. २००८ मध्ये बॉस्टन कॉलेज आणि एमआयटीतल्या झिफेंग रेन व गँग चेन यांच्या गटांनी बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडचं मिश्रण बॉल मिलमध्ये, म्हणजे कडक गोळ्यांच्या चक्कीत, दळून नॅनोकणांची भुकटी केली. मग ती गरम साच्यात दाबून पुन्हा घट्ट वडी केली. आतले कण बरेचसे बारीकच राहिले. १०० अंशांच्या आसपास झेडटी १.४ पर्यंत गेला. महागड्या यंत्रांत एकेक थर चढवण्याची गरज पडली नाही, किलोच्या मापात करता येईल अशी ही रीत आहे.

२०११ मध्ये त्याच गटांनी दोन्ही पळवाटा एकाच उपकरणात बुजवल्या. वर निवडक शोषक लेप दिलेली तांब्याची पट्टी, तिच्या खाली या नव्या पदार्थाचे दोन इवलेसे पाय, भोवती काच आणि निर्वात. खरी युक्ती क्षेत्रफळाच्या प्रमाणात होती. शोषक पट्टी पायांच्या छेदापेक्षा दोनशे पटींहून मोठी. म्हणजे ऊन भिंगाने एकवटायच्या ऐवजी उष्णता धातूतून वाहून पायांवर एकवटते, सूर्याकडे वळणारी यंत्रणा लागत नाही. पट्टी साधारण २०० अंशांना पोचली, जे साध्या काळ्या पट्टीला अशक्य होतं हे आपण मघाशी पाहिलं. कार्यक्षमता भरली ४.६ टक्के, तेल्केश यांच्या सपाट जनित्राच्या सातपट. पाय इतके छोटे असल्याने पदार्थ कमी लागतो हेही महत्त्वाचं, कारण टेल्युरियम अतिशय दुर्मीळ आहे आणि ते मुख्यतः तांबं शुद्ध करताना उरणाऱ्या गाळातून मिळतं. २०१६ मध्ये पुढच्या आवृत्तीत आरसे-भिंगांची मदत घेऊन ते ७.४ टक्क्यांवर गेले.

चार-साडेसात टक्के ऐकून कोणी म्हणेल, बाजारातलं पॅनेल वीस टक्के देतं, मग हे कशाला? हा आक्षेप मी खरा मानतो. घराच्या छपरावर नुसत्या विजेसाठी असं जनित्र लावा, असं मी कोणालाही सांगणार नाही. पण त्याच गटाने सुचवलेला उपयोग विचार करण्याजोगा आहे. आलेल्या उष्णतेतला बहुतेक भाग गार टोकातून बाहेर पडतो. ते टोक ५०-६० अंशांना ठेवलं तर वीज थोडी कमी मिळेल, पण उरलेल्या उष्णतेवर अंघोळीचं पाणी तापेल. नाहीतरी मघाची ती नळी उन्हाची सगळी किंमत पाण्यातच घालते. पाण्याआधी थोडी वीज काढून घेतली, तर गिरणी, वसतिगृह, रुग्णालय अशा जिथे गरम पाणी रोज लागतं तिथे हा हिशेब जमू शकतो.

तिसरा मार्ग थोडक्यात सांगतो. त्यात तापलेल्या पृष्ठभागाचं प्रारणच सौरघटावर पाडतात. एमआयटीत २०१४ मध्ये कार्बन नॅनोनळ्यांचं दाट रान उगवलेली पट्टी उन्हाने हजार अंशांच्या आसपास तापवली. तिच्या दुसऱ्या बाजूला सिलिकॉन आणि सिलिकाचे पातळ थर असे रचले, की घटाला हव्या त्याच लहरी बाहेर पडाव्यात. कार्यक्षमता ३.२ टक्के आली, २०१६ मध्ये ६.८. सिद्धान्तात हा मार्ग साध्या सौरघटाच्या खूप पुढे जाऊ शकतो. २०२२ मध्ये २४०० अंशांच्या उगमापुढे ठेवलेल्या घटाने ४० टक्के गाठले. ती उष्णता उन्हाची नव्हती, पण नको असलेल्या लहरी वाया जाऊ न देण्याची कल्पना तीच होती, इथे घटाच्या मागचा आरसा त्या उगमाकडे परत पाठवत होता.

मला काळजी वाटते ती टिकाऊपणाची. नॅनोरचना ही मुळात अस्वस्थ अवस्था आहे. बारीक कणांचा पृष्ठभाग फार मोठा असतो, उष्णता मिळाली की ते एकमेकांत मिसळून मोठे होऊ पाहतात. थरांमधले अणू एकमेकांत झिरपतात. कार्बन नॅनोनळ्या तापलेल्या हवेत जळून जातात. मनोऱ्यावरच्या उघड्या नळ्यांना निर्वाताचं कवच नसतं, तिथे साधा काळा रंगही उतरतो आणि पुन्हा द्यावा लागतो. रोज सकाळी तापायचं, संध्याकाळी निवायचं, ढग आला की मध्येच निवायचं, असं वीस वर्षं चालायला हवं. शोधनिबंधाच्या मथळ्यात मात्र पहिल्या दिवसाची कार्यक्षमता असते. माझी तरुण संशोधकांना विनंती आहे, की तुमच्या तक्त्यात हजार तासांनंतरचा रकानाही ठेवा, आणि तो आकडा वाईट आला तरी छापा.

आपल्याकडे हे काम करायला जागा आहेत. बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचे निवडक लेप तयार झाले आहेत. ज्या कठीण थराने कापायची हत्यारं मढवतात त्याच कुळातले ते आहेत, त्यामुळे तापायला चिवट. मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने हरियाणात ग्वाल पहाडी इथे १ मेगावॉटचं प्रायोगिक सौर-औष्णिक केंद्र उभं राहिलं. अशा केंद्रात खऱ्या नळ्या, खरं तेल, खरी धूळ असते. आपल्या प्रयोगशाळांतल्या लेपांचे काही मीटर अशा ठिकाणी चढवावेत, दर तीन महिन्यांनी त्यांचं शोषण आणि उत्सर्जन मोजावं, आणि पाच वर्षांचे आकडे सगळ्यांसाठी खुले करावेत. खर्चाच्या मानाने यातून मिळणारं ज्ञान फार मोठं असेल. कोणता थर उत्तर भारतातल्या धुळीत आणि उन्हाळ्यात टिकतो हे एकदा कळलं, की मिठाच्या टाकीचं तापमान ५६५ अंशांच्या वर न्यायचं की नाही, टर्बाइन कुठलं घ्यायचं आणि रात्रीचे किती तास भरून काढायचे, हे प्रश्न अंदाजाने सोडवावे लागणार नाहीत.